समुद्राला वाया जातं, म्हणजे कुठं जातं?

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला जुलैत उभं राहिलं की छत्री नुसती हातात असते, तिचा उपयोग काही नसतो. पाऊस वरून पडत नाही, घाटातून आडवा येतो. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. त्याच गावच्या शिवारातून कळसा नाला पश्चिमेकडं उतरतो. म्हणजे एका गावावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात. एक वाटा मलप्रभेतून सौंदत्तीच्या धरणात, पुढं कूडलसंगमला कृष्णेत आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. दुसरा वाटा म्हादईत जातो. तिचीच गोव्यात मांडवी होते आणि पणजीला ती अरबी समुद्राला मिळते. इथल्या एखाद्या घराच्या कौलांचा पुढचा उतार एका समुद्राचा आणि मागचा उतार दुसऱ्या समुद्राचा असेल, असं मी मुलांना सांगतो, तेव्हा ती वळून घरांच्या कौलांकडं बघतात.

बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी भूगोल शिकवतो. पावसाळ्यात एकदा तरी मुलांना कणकुंबीला नेतो. आणि परतताना बसमध्ये नाहीतर जांबोटीला चहा घेताना कुणीतरी मोठं माणूस ते वाक्य म्हणतंच : ‘‘सगळं पाणी समुद्राला वाया जाऊलालंय बघा.’’

म्हादईचं पाणी मलप्रभेकडं वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात जो वाद आहे, त्याचा निवाडा मला इथं करायचा नाही. हुबळी-धारवाडच्या नळाला पाणी हवं हे खरं आहे, आणि लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाच्या वाट्याला दिलेलं १३.४२ टीएमसी पाणी कमी की जास्त यावर अभ्यास करून भांडणारी माणसं दोन्ही बाजूंना आहेत. मला खुपतो तो ‘वाया’ हा शब्द. आपल्याकडच्या सभांत तो ऐकला, कोकणातलं पाणी पूर्वेकडं वळवण्याच्या चर्चेतही तोच ऐकला. जी जागा आपण पाहिलेली नाही, तिथं गेलेली वस्तू वाया गेली असं आपण बिनदिक्कत म्हणतो. समुद्र आपल्याला असाच आहे : नदीचं नाव जिथं संपतं ती निळी मोकळी जागा.

म्हणूनच माणसानं समुद्र किती पाहिलाय हा प्रश्न मला शास्त्रज्ञांच्या कुतूहलापुरता वाटत नाही. न पाहिलेल्या त्या जागेत काय सोडायचं आणि तिथून काय उचलायचं, याचे निर्णय आज होत आहेत. ते तुमच्या-माझ्या नावानं, आपल्या कराच्या पैशातून होत आहेत. समुद्रापासून दूर, साडेसातशे मीटर उंचीवर राहणाऱ्या माणसानंही त्यात बोललं पाहिजे, असं मला वाटतं.

आधी त्या ‘वाया’ गेलेल्या पाण्याचं बघू. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि आपल्या द्वीपकल्पाच्या नद्या इतकं गोडं पाणी ओततात की खाऱ्या पाण्यावर त्याचा हलका थर पसरून राहतो. हलकं पाणी वर, जड खारं पाणी खाली. दोन्ही सहजासहजी मिसळत नाहीत. त्यामुळं वरचा थर पावसाळ्यातही तापलेला राहतो, २८ अंशांच्या वर. त्या उबेवर ढग उभे राहतात, कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पाऊस पुन्हा जमिनीकडं ओढला जातो. यात कृष्णेचा वाटा लहान, मलप्रभेचा तर त्याहून लहान. पण काम चालतं ते असं. नद्या गाळाबरोबर सिलिका नेतात, त्यावर डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं कवच बांधतात, त्यांच्यावर बारीक जीव जगतात आणि त्या बारीक जिवांवर मासे. बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात बर्फावर मांडलेला बांगडा बघा. पाठ निळसर-हिरवी, तिच्यावर लांबट गडद रेघा, पोट चांदीसारखं, कल्ला उचलून दाखवला तर आत लालभडक. तो बांगडा जिवंत होता तेव्हा जे गाळून खात होता, त्याच्या मुळाशी कुठल्यातरी नदीनं नेऊन टाकलेली माती असू शकते. मासळी विकणाऱ्या मावशींना हे पुस्तकातून कळलेलं नाही, तरी पाऊसमान आणि मासळी यांचं नातं त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. ‘‘यंदा तारली उतरलीच नाही’’ असं त्या सांगतात, तेव्हा ती समुद्राची खबर असते.

आता मूळ प्रश्न. समुद्र किती शोधून झाला? मोबाइलवर फिरणारं उत्तर ठरलेलं आहे : फक्त पाच टक्के. माझे विद्यार्थीही हेच सांगतात. या आकड्याशी माझं भांडण तो लहान आहे की मोठा यावरून नाही. ‘शोधणं’ या शब्दाचा अर्थ न ठरवता तो सांगितला जातो, हे मला पटत नाही. अर्थ बदलला की उत्तर शंभर टक्क्यांपासून जवळजवळ शून्यापर्यंत कुठंही जातं.

शंभर टक्के असं की, समुद्रतळाचा नकाशा सगळ्या पृथ्वीचा तयार आहे. तो उपग्रहांनी केला, आणि कसा केला हे मला अजूनही नवलाचं वाटतं. समुद्राचा पृष्ठभाग सपाट नसतो. तळाशी दोन हजार मीटरचा डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं आजूबाजूचं पाणी त्याच्याकडं ओढलं जातं आणि वर सुमारे दोन मीटरचा फुगवटा येतो. बोटीत बसलेल्याला तो कळत नाही, इतका तो पसरट असतो. उपग्रह तो मोजतो आणि त्यावरून खालचा डोंगर ताडतो. याच्या उलटं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षण इतकं कमी आहे की तिथली समुद्रपातळी अपेक्षेपेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे. गोकाकचा धबधबा पन्नासेक मीटरचा. एकावर एक असे दोन गोकाक त्या खळग्यात उभे राहतील. हा खळगा कशामुळं पडला, याचं एक सविस्तर उत्तर २०२३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मांडलं. पण उपग्रहाचा हा नकाशा भरड आहे. काही किलोमीटरांपेक्षा लहान काही त्यात दिसत नाही. बेळगाव शहर समुद्राच्या तळाशी असतं तर या नकाशात किल्ला दिसला नसता, खंदक दिसला नसता. फार तर एक धूसर चढ दिसला असता.

त्याहून बारीक बघायचं तर जहाज घेऊन जावं लागतं. प्रकाश पाण्यात दोनशे मीटरनंतर नावाला उरतो, हजार मीटरच्या खाली काळोखच. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात विरून जातात, म्हणून उपग्रहाला तळ थेट दिसत नाही. चालतो तो आवाज. तो पाण्यात सेकंदाला सुमारे पंधराशे मीटर जातो; चार किलोमीटर खोल तळावर आपटून परत यायला त्याला पाच सेकंदांहून जास्त लागतात. जहाज हळू चालवत, पट्ट्यापुढं पट्टा घेत हे करायचं, शेत नांगरल्यासारखं. महासागरतळाचे नकाशे करण्याचा आंतरराष्ट्रीय उद्योग १९०३ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या मदतीनं त्यानं ‘सीबेड २०३०’ हा प्रकल्प घेतला, तेव्हा आवाजानं मोजलेला तळ होता सुमारे ६ टक्के. जून २०२५ मध्ये तो २७.३ टक्के झाला. ही खरोखर मोठी मजल आहे. मात्र या मोजणीतही खोल समुद्रात ४०० मीटर लांब-रुंद चौकोनात एक नोंद मिळाली की तो चौकोन ‘झाला’ असं धरतात. आमच्या गावचं सगळं गावठाण अशा एका चौकोनात मावेल. देऊळ, तालीम, शाळा, तळं, सगळ्यांची मिळून उंची एक.

८ मार्च २०१४ ला मलेशियाचं एमएच ३७० विमान नाहीसं झालं. ते शोधायला दक्षिण हिंदी महासागरात जहाजं गेली तेव्हा ध्यानात आलं की शोधायचं कुठं हे ठरवण्याइतकाही तिथल्या तळाचा नकाशा नाही. विमान शोधण्याआधी तळ मोजावा लागला. त्या कामात कधी कुणाला माहीत नसलेले ज्वालामुखी, दऱ्या, कडे समोर आले. विमान सापडलं नाही. ज्यांची माणसं गेली त्यांच्या दुःखातून जगाला समुद्रतळाचा एक तुकडा कळला.

आणि डोळ्यांनी पाहिलेलं किती? हा आकडा २०२५ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. १९५८ पासूनच्या सुमारे ४४ हजार खोल बुड्यांच्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी हिशेब केला. माणसानं स्वतः उतरून किंवा कॅमेरा सोडून प्रत्यक्ष पाहिलेला खोल समुद्राचा तळ भरतो ०.००१ टक्क्याहून कमी. म्हणजे जास्तीत जास्त ३,८२३ चौरस किलोमीटर. आपला बेळगाव जिल्हा सुमारे १३,४०० चौरस किलोमीटरचा आहे. पृथ्वीचा दोन तृतीयांश पृष्ठभाग दोनशे मीटरहून खोल पाण्याखाली आहे आणि त्यातला आपण पाहिलेला भाग एका जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे. जगातली सर्वांत खोल जागा, मारियाना गर्तेतली चॅलेंजर डीप, तिथं १९६० मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श उतरले. त्यानंतर माणूस पुन्हा तिथं गेला तो थेट २०१२ मध्ये. मधल्या काळात बारा जण चंद्रावर चालून आले.

हा तळ पाहिला कुणी, हेही बघायला हवं. नोंदलेल्या बुड्यांपैकी ९७ टक्के पाच देशांच्या आहेत : अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स आणि जर्मनी. पाहिलेल्या जागांपैकी ६५ टक्क्यांहून जास्त जागा अमेरिका, जपान आणि न्यूझीलंड या तीनच देशांच्या किनाऱ्यांपासून दोनशे सागरी मैलांच्या आतल्या. ‘माणसानं समुद्र पाहिला’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या माणसात आपण जवळजवळ नसतोच.

इथं मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे, ती सीमाभागाबाहेरच्या वाचकाला कदाचित विषयांतर वाटेल. आम्हाला नकाशाबद्दल वेगळं काही शिकवावं लागत नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा एक रेघ ओढली गेली. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्यात माझ्या आजोबांची, वडिलांची आणि माझी अशा तीन पिढ्या गेल्या. रेघ ओढणाऱ्याला गावाचं नाव दिसतं, लोकसंख्या दिसते. घरात कुठली भाषा बोलतात, देव कुठल्या गावचा, लेक कुठल्या गावात दिली, बाजाराला माणसं कुणीकडं जातात, हे कागदावर येत नाही. नकाशा झाला म्हणजे ओळख झाली, असं मानण्याची किती किंमत मोजावी लागते, हे आम्ही अंगावर घेतलेलं आहे. त्यामुळं जिथं कुणी गेलं नाही अशा तळावर चौकोन आखून त्यांचे करार होत आहेत हे वाचलं, की मला ते परक्याचं दुखणं वाटत नाही.

आणि चौकोन आखले गेले आहेत. भारताचाही एक आहे. कन्याकुमारीच्या बऱ्याच दक्षिणेला, मध्य हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र खनिजांच्या शोधासाठी आपल्याकडं आहे. त्याचा करार २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी झाला. पाच-सहा हजार मीटर खोलीवर तिथं चिखलात अर्धे रुतलेले काळसर गोळे पसरलेत. मार्केट यार्डात बटाट्याचं पोतं फुटून चिखलात सांडलं तर जसं दिसेल तसे. मँगेनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असे धातू त्यांत असतात. सरकारी अंदाज ३८ कोटी टनांचा आहे. असा एक गोळा काही मिलिमीटर वाढायला दहा लाख वर्षं लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अरबी समुद्राकडच्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या आणखी १० हजार चौरस किलोमीटरचा शोधकरार झाला, तो वेगळ्या खनिजांसाठी.

या तळाबद्दल एक शब्द वारंवार वापरला जातो : ओसाड. हा शब्द ऐकला की मला आमचा सडा आठवतो. जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला, चंदगडकडं, जांभ्या दगडाचे हे माळ आहेत. एप्रिलात जाऊन बघा. काळपट खरखरीत दगड, वाळलेलं गवत, सावलीला झाड नाही. सरकारी कागदावर अशी जमीन बहुधा पडीक ठरते. चंदगडच्या बाजूला अशाच माळांखालून बॉक्साइट काढलं गेलं. आता त्याच सड्यावर ऑगस्टच्या शेवटी जा आणि गुडघे टेकून बसा. बोटभर पाण्याच्या डबक्याच्या कडेनं सीतेची आसवं फुललेली असतात, निळी-जांभळी, नखाएवढी. हे झाड किडे खातं. मुळांसारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात, पाण्यातला जीव त्यांत ओढला जातो. त्या निकस दगडावर जगण्यासाठी त्यानं काढलेली ही वाट आहे. शेजारी गेंदाची पांढरी बटणं. दगडाच्या भेगेत बेडकाचं पिल्लू. तो जांभा दगड पाणी धरून ठेवतो आणि खालच्या झऱ्यांना महिनोन्‌महिने पुरवतो. एप्रिलात बघून गेलेल्या माणसानं त्याला ओसाड म्हटलं यात त्याचा दोष नाही. एप्रिलात एकदा बघून निर्णय केला, हा दोष.

खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या रानात तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाची विज्ञानाला ओळख झाली १९१३ मध्ये. राउटन या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं गेलं. मोठे, पुढं झुकलेले कान, तपकिरी अंगावर मानेजवळ फिकट पट्टा. पुढं जवळजवळ नऊ दशकं या प्राण्याचं जगात एवढं एकच घर माहीत होतं. नंतर तो मेघालयात आणि कंबोडियातही सापडला. ज्या जमिनीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारतात, मध काढतात, तिथं ही स्थिती. मग पाच हजार मीटर खोलीवरच्या चिखलाबद्दल आपण कुठल्या आधारानं बोलतो?

जे थोडं पाहिलं गेलंय ते तरी काय सांगतं? प्रशांत महासागरात मेक्सिको आणि हवाई यांच्यामधल्या अशाच गोळ्यांच्या पट्ट्याचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथून आजवर मिळालेल्या साडेपाच हजारांहून अधिक प्राणिजातींपैकी सुमारे नऊ दशांश जातींना अजून शास्त्रीय नाव नाही. त्या चिखलात टणक असं गोळ्यांखेरीज काही नसतं, म्हणून कित्येक जीव त्या गोळ्यांनाच धरून वाढतात. गोळा उचलला की त्यांचं घर उचललं. पेरूजवळच्या समुद्रात १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळावर नांगरासारखं अवजार फिरवलं, पुढं काय होतं ते पाहायला. २०१५ मध्ये परत जाऊन बघितलं तर सव्वीस वर्षांपूर्वीची तासं तशीच होती, काल ओढल्यासारखी. आपल्या शास्त्रज्ञांनीही १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळ ढवळून परिणाम पाहण्याचा प्रयोग केला. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे काम कित्येक वर्षं करते आहे. कणकुंबीचं पाणी मांडवीतून जिथं समुद्राला मिळतं, तिथून ती संस्था जवळच आहे. ‘वाया’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा तिथं न्यावं असं मला मनापासून वाटतं.

आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला पैशाचा. आमच्या गावात रस्ता नाही, शाळेला शिक्षक नाही, आणि समुद्राच्या तळाशी माणूस कशाला पाठवायचा? २०२१ मध्ये मंजूर झालेल्या डीप ओशन मिशनचा पाच वर्षांचा खर्च ४,०७७ कोटी रुपये. भारतीयांच्या संख्येनं भागलं तर माणशी तीस रुपयेही होत नाहीत, तेही पाच वर्षांत मिळून. त्यातून चेन्नईची संस्था ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी बांधते आहे. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा २.१ मीटर व्यासाचा गोल, आत तीन माणसं, खोली सहा हजार मीटर. तिथं दाब वातावरणाच्या सहाशे पट असतो. तयारी म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीयांनी फ्रान्सच्या ‘नॉतिल’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये बुडी मारली. एकानं ४,०२५ मीटर, दुसऱ्यानं ५,००२ मीटर. मी ही बातमी वर्गात वाचून दाखवली. असा खर्च व्हावा, आणखी व्हावा, या मताचा मी आहे. रस्ता आणि समुद्र यांत निवड करायला लावणं हा खोटा सौदा आहे. रस्ता व्हायचा राहतो तो समुद्रामुळं राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना, बॅटऱ्यांना निकेल-कोबाल्ट लागणार. ते जमिनीवरून काढायचं तर जंगलं जातात, माणसं उठवली जातात. मग निर्मनुष्य समुद्रतळ काय वाईट? शिवाय खोल समुद्राचं बरंच ज्ञान खनिजाच्या आशेनं केलेल्या पाहण्यांमुळंच मिळालं. हे मी मान्य करतो. प्रशांतातल्या त्या प्राण्यांची यादी खनिज-करारांमुळंच झाली. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की पाहणीला पैसा लागतो. पाहणी झाली की खोदलंच पाहिजे, हे त्यातून निघत नाही. विहीर खणण्याआधी आपण पाणाड्याला बोलावतो, त्यानं मान हलवली तर कुदळ ठेवून देतो. आणि ‘तिथं माणूस राहत नाही’ हा मुद्दा ऐकताना मला सड्याची आठवण येते. तिथंही माणूस राहत नव्हता, पाणी मात्र खालच्या गावांत राहणाऱ्या माणसांचंच होतं. समुद्रातला गाळ ढवळून वर आला, तर मधल्या पाण्यातल्या मासळीचं काय होईल, याचं उत्तर खाणीच्या नफ्या-तोट्याच्या हिशेबात नसतं. ते कॅम्पातल्या त्या मावशींच्या टोपलीत दिसेल, काही वर्षांनी.

समुद्रतळातून व्यापारी पद्धतीनं खनिज काढण्याचे आंतरराष्ट्रीय नियम २०२५ पर्यंतही पुरे झालेले नाहीत. तीसहून जास्त देशांनी घाई नको, थांबा, असं जाहीरपणे सांगितलं आहे. भारतानं त्यांच्या बाजूनं उभं राहावं असं माझं मत आहे. पाहण्याच्या कामात सर्वांच्या पुढं आणि खोदण्याच्या कामात सर्वांच्या मागं राहण्यात कमीपणा नाही. आपल्या ७५ हजार चौरस किलोमीटरांत जे कॅमेरे उतरतील, त्यांची सगळी छायाचित्रं, सगळ्या नोंदी लोकांसाठी खुल्या व्हाव्यात. त्या मराठीत आणि कन्नडमध्ये याव्यात. हा हट्ट भाषाभिमानाचा नाही. माझ्या वर्गातल्या मुलीला तिच्या भाषेत जे दिसत नाही, त्याबद्दल ती पुढं मत देऊ शकणार नाही, आणि मत न दिलेल्या माणसाच्या नावानं निर्णय कसे होतात हे तिच्या घरच्यांनी पाहिलेलं आहे.

आमच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा एक मोठा नकाशा आहे, दोन मीटर रुंदीचा. जमिनीवर इतकी नावं दाटलेली की वाचायला भिंग लागतं. समुद्र मात्र एकाच फिक्या निळ्या रंगाचा. सूची, प्रमाणपट्टी आणि छापणाऱ्याचं नाव, सगळं त्यानं समुद्रात टाकलंय, कारण जागा तिथंच मोकळी होती. टाचण्या मारायच्या झाल्या तरी आम्ही त्या समुद्रातच मारत आलो. अटलांटिक भोकांनी भरलाय.

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना मी गणित घातलं. ३,८२३ चौरस किलोमीटर म्हणजे साधारण ६२ किलोमीटर बाजूचा चौरस. नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे दोनशे किलोमीटर. तर माणसानं पाहिलेला सगळा खोल समुद्र या नकाशावर किती होईल? उत्तर आलं तीन मिलिमीटर, थोडं वर. एकानं डब्यातल्या कागदाच्या पुडीतून जोंधळ्याचा दाणा काढला, पक्ष्यांना टाकायला आणलेल्यातला, आणि पट्टीवर धरला. बरोबर तेवढाच होता.

डिंक आणला. दाणा कुठं चिकटवायचा, यावर बाचाबाची झाली. कुणी म्हणालं कारवारसमोर, कुणी म्हणालं मारियाना गर्तेवर. मग मी त्यांना त्या तीन देशांचं सांगितलं. एक मुलगी पुढं आली, तिनं दाणा बाकावर ठेवला आणि पट्टीच्या कडेनं दाबून फोडला. मोठे तीन तुकडे तिनं अमेरिका, जपान आणि न्यूझीलंडजवळ लावले. उरलेला चुरा बोटाच्या टोकावर घेऊन बाकीच्या समुद्रात टेकवत गेली, आणि हिंदी महासागरापर्यंत आली तेव्हा बोटाला पीठ दिसत नव्हतं.